भाड्याच्या घरात मालक किंवा एजंट न विचारता शिरत असेल तर काय करायचं? सोलापुरात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

सोलापुरात घर बघायला गेलं की पहिला प्रश्न पाण्याचा असतो. नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी आहे, मोटर कुणाची? मग डिपॉझिट, गाडी लावायला जागा, वरचा मजला उन्हाळ्यात किती तापतो. या सगळ्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो आणि पुढे तोच सगळ्यात जास्त छळतो: या घराची दुसरी चावी कुणाकडे आहे, आणि तो माणूस ती कधी वापरणार?

बँकेत किंवा रेल्वेत बदलीवर आलेले, सिव्हिलमध्ये नोकरीला लागलेले, केगावला विद्यापीठाजवळ खोली घेणारी मुलं, चिंचोळी एमआयडीसीत कामाला येणारे अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. आम्ही जुळे सोलापुरात राहत होतो तेव्हाची गोष्ट. भर दुपारी सासूबाई घरात एकट्या झोपलेल्या. लॅचचं दार बाहेरून चावीने उघडलं आणि एजंट आत आला. मागे एक अनोळखी जोडपं, पायातल्या चपला तशाच. बाईंनी स्वयंपाकाच्या ओट्याची लांबी हाताच्या वितीने मोजली, त्यांच्या यजमानांनी बाथरूमचं दार ढकलून पाहिलं. सासूबाई उठून बसेपर्यंत तिघं बेडरूमच्या दारात उभे. "झोपा मावशी, झोपा. आम्ही नुसतं बघून जातो," असं वर एजंटचं म्हणणं! मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, घर आमचंच आहे की. त्यात विचारायचं काय?"

त्या वाक्याला नीट उत्तर आहे. ते शोधताना जे समजलं ते इथे क्रमाने देते.

१. घर त्यांचं, राहणं तुमचं: कायदा काय सांगतो

घर मालकाचंच आहे, त्यावर वादच नाही. पण करार झाला आणि तुम्ही भाडं भरून राहायला लागलात की त्या चार भिंतींच्या आत कुणी कधी यायचं हे एकट्या मालकाच्या मर्जीवर राहत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याचं कलम २८ लक्षात ठेवा. मालकाला जागेची तपासणी करायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. म्हणजे मालकाला कायमचं दाराबाहेर ठेवता येत नाही, आणि मालकालाही वाटेल तेव्हा चावी फिरवता येत नाही. दोन्ही बाजू एकाच वाक्यात आहेत, त्यामुळे बोलताना दोन्ही मान्य करून बोला. आपलं म्हणणं त्याने जास्त पटतं.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात.

एक म्हणजे एजंटचं ठरलेलं वाक्य: "हे भाडं नाही मॅडम, लिव्ह अँड लायसन्स आहे. तुम्हाला भाडेकरूचे हक्क नाहीत." लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती परवानगी घेऊन, राहणाऱ्याला जुन्या पागडीच्या भाडेकरूइतकं संरक्षण नाही, हे खरं. मुदत संपली की घर सोडावं लागतं. पण कलम २८ भाड्याने दिलेल्या आणि लायसन्सवर दिलेल्या अशा दोन्ही जागांना लागू आहे. आधी सूचना द्यायलाच हवी.

दुसरी फसगत मोबाइलवर वाचून होते. "मालकाने २४ तास आधी लेखी कळवलं पाहिजे, सूर्यास्तानंतर येऊ नये" असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातलं आहे. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्या १९९९ च्या कायद्यात तासांचा आकडा नाही. मालकापुढे "चोवीस तासांचा कायदा" म्हणून गेलात आणि त्याच्या ओळखीत एखादा वकील निघाला, तर तुमचं बरोबर असलेलं म्हणणंही फिकं पडतं. चोवीस तास हवेत ना? मग ते करारात लिहून घ्या.

२. करारावर सही करण्याआधी

करार नोंदणीकृतच करा. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही, स्टॅम्पपेपरवर नोटरी करू" हे सोलापुरात दर दुसरा एजंट सांगतो. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकाला हे शांतपणे सांगितलं तर त्यालाही नोंदणी परवडते. कायद्याने जबाबदारी मालकाची असली तरी खर्च बहुतेक वेळा आपल्याच गळ्यात येतो, पण तो फार नाही: एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क (डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ती रक्कमही त्यात मोजतात), महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी, आणि करून देणाऱ्याची मजुरी.

ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात तपासणीचं एक कलम असतंच: वाजवी सूचना देऊन मालक किंवा त्याचा प्रतिनिधी घर पाहू शकतो. एजंट ते वाचून दाखवत नाही. अंगठा देण्याआधी ते स्वतः वाचा आणि जादा अटींच्या जागी खालचा मजकूर घालायला सांगा. मसुद्यात भाडेकरूऐवजी दुसरा शब्द असेल तर तोच ठेवा.

"मालक किंवा त्यांनी लेखी नेमलेली व्यक्ती पाहणी अथवा दुरुस्तीसाठी किमान २४ तास आधी व्हॉट्सअ‍ॅप किंवा एसएमएसने कळवून, सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत, भाडेकरू किंवा त्यांच्या घरातील प्रौढ व्यक्ती हजर असतानाच येतील. आग, गॅसगळती, शॉर्ट सर्किट, टाकी किंवा पाइप फुटणे अशा प्रसंगी फोन करून लगेच येता येईल. घर विक्रीसाठी किंवा नव्या भाडेकरूला दाखवायचे असल्यास दिवस व वेळ दोघांच्या संमतीने ठरेल."

बहुतेक मालक याला नाही म्हणत नाहीत. जो या चार ओळींवर अडून बसतो, त्याचं घर घेऊ नका. मग ते सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर असलं तरी.

अजून एक गोष्ट सोलापुरात फार दिसते. मालक पुण्यात मुलाकडे असतो आणि घराकडे पुतण्या, मेहुणा किंवा शेजारचे कुणीतरी "बघतात". मालकाच्या वतीने नक्की कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर करारात टाका. नाहीतर दर वेळी वेगळा चेहरा दारात उभा राहतो आणि प्रत्येक जण "मला मालकांनी पाठवलंय" म्हणतो.

३. चावी आणि कुलूप

घर ताब्यात घेताना किल्ल्या मोजून घ्या. एकूण किती, तुमच्याकडे किती, मालकाकडे किती, एजंटकडे किती, हे त्याच दिवशी मेसेजवर लिहून टाका. एजंटकडे चावी राहायचं काहीच कारण नाही. त्याचं काम घर मिळवून देण्याचं, ते कमिशन घेतलं तिथे संपलं.

पेठांतल्या जुन्या घरांना कडी-कोयंडा असतो. तिथे आपलं कुलूप लावलं की प्रश्न मिटला. लॅचच्या दाराला किल्लीवाल्याकडून आतला गाळा, म्हणजे ज्यात चावी फिरते तो भाग, बदलून मिळतो. तो मालकाला कळवून, शक्यतो "हो, बदला" असा मेसेज घेऊन बदला. जुना गाळा पिशवीत घालून जपून ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या. आतून मात्र जाड कडी पहिल्याच दिवशी बसवा. घरात म्हातारं माणूस किंवा एकटी मुलगी राहत असेल तर आधी कडी, मग सामान.

मालक "एक चावी आमच्याकडे असू दे, अडीअडचणीला" म्हणाला तर ते अगदीच चुकीचं नाही. उन्हाळ्यात गावाला गेलात आणि वरची टाकी फुटली तर कुणीतरी आत जायला हवं. चावी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर दोघांच्या सह्या करून द्या. सही फाटली म्हणजे पाकीट उघडलं. हा उपाय मला आमच्या वकीलबाईंनी सांगितला आणि भांडण न करता तो फार उपयोगी पडतो.

४. पाण्याचा दिवस

सोलापुरात मालक घरात शिरण्याचं सगळ्यात मोठं कारण पाणी आहे, म्हणून यावर थोडं जास्त. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने पाळी असते आणि ती कधी पहाटे येते, कधी रात्री. मालक वर राहतो, भाडेकरू खाली. हौद अंगणात किंवा मागच्या मोरीत, आणि मोटरचं बटण नेमकं तुमच्या न्हाणीघराशेजारी. पाणी आलं की मालकीणबाई हाक मारतात, तुम्ही झोपेत असलात तर दार वाजवतात, आणि तरी कुणी उठलं नाही तर चावी लावून आत येतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पाणी गेलं तर पुढच्या पाळीपर्यंत वरचे आणि खालचे दोघेही कोरडे. पण अंधारात आपल्या खोलीतून कुणी चालत जातंय हे कळल्यावर छातीत जे धस्स होतं, तेही खरंच.

हे कायद्याने सोडवायला जाऊ नका, वायरमन बोलवा. मोटरचं बटण बाहेरच्या भिंतीवर किंवा जिन्याखाली काढून घेता येतं. हौदाला बॉलकॉक बसवला तर पाणी वाहून जायची धास्ती नाही आणि नळ उघडाच ठेवता येतो. खर्च निम्मा-निम्मा करायला बहुतेक मालक तयार होतात, कारण रात्री उठायचा त्रास त्यांचाही वाचतो. हे जमण्यासारखं नसेल तर पाण्याच्या दिवशी आधी फोन, मग दार, आणि येणं फक्त मागच्या दाराने मोरीपर्यंत, एवढं ठरवून घ्या. घर बघायला जाल तेव्हाच बटण आणि हौद कुठे आहे ते डोळ्यांनी बघा.

५. पहिल्यांदा घडलं तर

पहिल्याच वेळी कलमं सांगू नका. त्याच दिवशी, शांत डोक्याने, एक मेसेज लिहा. फोनवर बोललात तरी नंतर मेसेज हवाच, कारण फोनवरचं बोलणं हवेत जातं. साधारण असा:

"काका, नमस्कार. आज दुपारी दोनच्या सुमारास एजंट दोन अनोळखी लोकांना घेऊन आपल्या चावीने घरात आले. आई एकट्या होत्या, त्या घाबरल्या. घर बघायचं असेल तर आमची हरकत नाही, पण एक दिवस आधी कळवा आणि आम्ही घरी असताना या. एजंटकडची चावी कृपया परत घ्या आणि घेतल्याचं कळवा. यापुढे आम्हाला न कळवता कुणी आत येऊ नये ही विनंती."

यात आरोप कमी आणि तारीख-वेळ-माणसं जास्त आहेत, ते मुद्दाम. पुढे वाद वाढलाच तर हाच मेसेज तुमच्या बाजूने बोलतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ गृहअतिक्रमणाचं आहे. त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण नुसतं आत येणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा, किंवा जागेचा ताबा असलेल्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू दिसावा लागतो. नळ बघायला आलेल्या मालकाचा असा हेतू कुणी म्हणणार नाही. मात्र तुम्ही लेखी नको म्हटल्यावरही कुणी पुन्हा चावी लावून आत येत असेल, तर हेतू दाखवणं बरंच सोपं होतं.

६. एजंट गिऱ्हाईक घेऊन आला तर

एजंटला स्वतःचा असा हक्क नाही, तो मालकाच्या वतीने येतो. आणि कलम २८ मध्ये तपासणी आहे, गिऱ्हाइकाला घर दाखवण्याचा त्यात उल्लेख नाही. ते करारावर किंवा तुमच्या संमतीवर चालतं. दारातच थांबवा, आतली कडी काढू नका, मालकाला फोन लावा. "आज जमणार नाही, रविवारी अकराला या" एवढं पुरे. घराचे फोटो काढत असतील तर तुमचं सामान, देवघर, मुलं त्यात येणार नाहीत असं स्पष्ट सांगा. आपल्या कपाटाचे फोटो घर विकायच्या जाहिरातीत फिरलेले मी पाहिले आहेत.

७. सांगूनही थांबत नसेल तर

आधी कागद गोळा करा:

- नोंदणीकृत करार आणि त्याची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा)
- भाडं भरल्याच्या पावत्या, यूपीआय किंवा बँकेच्या नोंदी (पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, रोखीने देत असाल तर मागून घ्या)
- सगळे मेसेज, आणि ते ज्या फोनवर आहेत तो मूळ फोन. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं
- कधी, कोण, किती वाजता आलं त्याची वहीतली नोंद, तारखेसह
- पाहिलेल्या शेजाऱ्यांची नावं
- वीजबिल, गॅसचं कार्ड, आधारवरचा पत्ता यांपैकी या घरात राहत असल्याचं काहीही

दाराकडे तोंड करून, आपल्या घराच्या आतून छोटा कॅमेरा लावायला हरकत नाही. तो जिन्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारावर रोखू नका.

मग मालकाला लेखी पत्र, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. एक पान पुरतं. वकिलाकडून नोटीस पाठवली तर वजन पडतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. यंत्रमागावर किंवा गारमेंटमध्ये काम करणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. तिथे मध्यस्थीनेही मार्ग निघू शकतो, आणि मालक वरच्या मजल्यावर राहत असेल तर मी आधी मध्यस्थीच सुचवेन.

धमकी, धक्काबुक्की, सामानाला हात, किंवा एकट्या बाईच्या खोलीत शिरणं असं काही असेल तर पत्राची वाट बघू नका. ११२ ला फोन करा आणि आपल्या हद्दीच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, मग ते विजापूर नाका असो, सदर बझार, फौजदार चावडी किंवा जोडभावी पेठ. हद्दीवरून टोलवलं तर झिरो एफआयआर मागा. ती कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. भाडं आणि डिपॉझिट दिवाणीच आहे, म्हणून तक्रारीत ते आणूच नका. फक्त घुसणं, धमकी आणि लेखी मनाई केल्याची तारीख एवढंच लिहा. एफआयआर झाली तर प्रत मोफत मिळते, अदखलपात्र नोंद (एनसी, ज्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत) झाली तर तिचा नंबर घ्या. काहीच घेतलं नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस आयुक्तालयात पाठवा. त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वारंवार घुसण्यावर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूमही मागता येतो.

या सगळ्या काळात भाडं थांबवू नका. रागात लोक हेच करतात आणि मालकाच्या हातात आयतं कारण देतात. मालक घेत नसेल तर बँकेत टाका किंवा मनीऑर्डर करा, पण नोंद राहू द्या.

८. पाणी-वीज तोडली किंवा बाहेरून कुलूप घातलं तर

पाणी, वीज, जिन्यातले दिवे, संडासची सोय या अत्यावश्यक सेवा मालकाला वाजवी कारणाशिवाय तोडता किंवा अडवता येत नाहीत. कलम २९ प्रमाणे कोर्टाकडे अर्ज करून त्या परत सुरू करून घेता येतात, आणि तोडणाऱ्याला शिक्षेचीही तरतूद आहे.

तुमच्या पाठीमागे कुलूप बदलून सामान बाहेर काढलं तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, त्यामुळे "बघू, बोलू" करत दिवस घालवू नका. मालकालाही स्थिर ताबा असलेल्या माणसाला कायद्याच्या वाटेशिवाय जबरदस्तीने काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्ण राम महाळे विरुद्ध शोभा व्यंकट राव या निकालात सांगितलं आहे. तो वाद तर लायसन्सवर दिलेल्या जागेचाच होता.

९. घर सोडताना

सोडायची नोटीस दिली की घर बघायला येणाऱ्यांची रांग लागते. इथे थोडं सांभाळून घ्या, मालकाला पुढचा भाडेकरू हवाच असतो. आठवड्यातल्या दोन वेळा तुम्हीच कळवा, म्हणजे रोज कुणी येत नाही. दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप त्या वेळात कपाटात कुलपाखाली. गर्दी टाळायची असेल तर घराचा छोटा व्हिडिओ स्वतः काढून मालकाला द्या.

शेवटच्या दिवशी जुना गाळा परत बसवा, रिकाम्या घराचे, मीटरच्या आकड्याचे फोटो घ्या आणि ते चिकटवलेलं पाकीट मागून घ्या. किल्ल्या परत दिल्याची एका ओळीची पोच लिहून घ्या: तारीख, किती किल्ल्या, मालकाची सही. डिपॉझिट खात्यात आल्याचा मेसेज दिसला की त्याच बैठकीत किल्ल्या हातात द्या. "उद्या टाकतो" म्हणाले तर किल्ल्याही उद्याच.